सात किलोंची मर्यादा
(नभोवाणीवरील भाषण)

विमानतळावर, विमानांत चढण्याच्या दरवाजापाशीं, धातूचा एक लहानसा सांगाडा उभा केलेला असतो. हातांतली पिशवी त्यांत सहज बसली तर उतारू पुढें जातो. न बसली तर त्याला बाजूला घेऊन जादा पैसे मागितले जातात. स्वस्त भाड्याच्या कंपन्यांच्या बाबतींत हा जादा आंकडा कित्येकदां मूळ भाड्याशीं स्पर्धा करतो. अशा वेळीं रांगेंत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. एक गृहस्थ म्हणतात, “विमानाची गोष्ट आहे, वजन वाढून कसें चालेल?” दुसरे म्हणतात, “वजन हें नुसतें निमित्त, ही सरळ सरळ लूट आहे!”

ह्या दोघांपैकीं खरें कोणाचें? ह्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. पहिल्या गृहस्थांचें म्हणणें शंभर वर्षांपूर्वीं पूर्णपणें खरें होतें. दुसऱ्यांचें म्हणणें गेल्या वीस वर्षांत पुष्कळसें खरें होत आलें आहे. नियम तोच राहिला, पण त्याचा अर्थ मध्यंतरीं पालटला. तो कसा पालटला, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विमानाच्या आधींचा प्रवास प्रथम आठवूं. बैलगाडींत मावेल व बैलांना ओढवेल तेवढें सामान, हा जुना हिशेब होता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही २१ मैलांची आगगाडी सुरू झाली, आणि पुढें रेल्वेनें सामानाला कायदा लावला. प्रत्येक वर्गाच्या तिकिटावर अमुक वजन फुकट. त्याहून अधिक असेल तर तें काट्यावर तोलून पावती फाडावयाची. तथापि शेंकडों खंडी ओझें ओढणाऱ्या इंजिनाला एका उतारूच्या वळकटीचें, फिरकीच्या तांब्याचें आणि फराळाच्या डब्याचें काय होय! बांकाखालीं मावलें तें आपलें, असाच व्यवहार चालत आला. घर सोडतांना घराचा थोडासा भाग बरोबर न्यावयाचा, ही आपली संवय आगगाडीनें मोडली नाहीं, उलट वाढविली. विमानानें मात्र ती पहिल्याच दिवशीं मोडली.

तो पहिला दिवस म्हणजे १ जानेवारी १९१४. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत सेंट पीटर्सबर्ग आणि टँपा हीं दोन शहरें एका उपसागराच्या दोन बाजूंस वसलेलीं आहेत. त्यांच्यामध्यें, ठरलेल्या वेळीं व ठरलेल्या भाड्यांत उतारू नेणारी जगांतील पहिली विमानसेवा त्या दिवशीं सुरू झाली. विमान पाण्यावरून उडणारें व पाण्यावरच उतरणारें होतें. तें चालविणारा टोनी जॅनस आणि त्याच्या शेजारीं एक उतारू, एवढीच त्यांत जागा. पहिल्या दिवशींच्या त्या एका जागेचा लिलाव झाला आणि शहराचे माजी नगराध्यक्ष एब्राम फील ह्यांनीं ती ४०० डॉलरांस घेतली. अंतर सुमारें २१ मैल, म्हणजे जवळजवळ बोरीबंदर ते ठाणें इतकेंच. तें २३ मिनिटांत तोडलें गेलें.

त्यानंतर नेहमींचें भाडें ५ डॉलर ठरलें. जाहिरातींत त्याबरोबर एक अट छापलेली होती. उतारूचें स्वतःचें व त्याच्या हातांतल्या सामानाचें वजन मिळून २०० पौंडांपर्यंत चालेल; त्यापुढें दर १०० पौंडांस ५ डॉलर ह्या प्रमाणांत जादा आकार पडेल. शाळेंतील मुलालाहि येथें त्रैराशिक मांडतां येईल. २०० पौंडांस ५ डॉलर, म्हणजे पौंडास अडीच सेंट. आणि जादा वजनाला पौंडास पांच सेंट, म्हणजे बरोबर दुप्पट! हातांतल्या सामानाची मर्यादा आणि ती ओलांडल्याचा भुर्दंड, हीं दोन्हीं विमानप्रवासाइतकींच जुनीं आहेत. तीं कोणा आजच्या व्यापाऱ्याच्या डोक्यांतून निघालेलीं नाहींत.

परंतु ह्या अटीचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. त्या विमानाचें इंजिन ७५ अश्वशक्तीचें होतें. वजन अधिक झालें तर विमान पाण्यावरून उठणारच नाहीं, ही तेथली वस्तुस्थिति होती. म्हणून माणूस आणि पिशवी हीं एकाच पारड्यांत घातलीं जात. पुढें लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरहि उतारूंना काट्यावर उभें करून त्यांचें वजन घेत. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं पस मॉथ जातीचें लहानसें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आणलें, तें टपाल घेऊन. कागद हलका आणि त्याचें मोल अधिक. म्हणून आकाशांतला मान टपालाच्या थैल्यांना आधीं मिळाला. त्या काळांतली मर्यादा यंत्राच्या शक्तीनें घालून दिलेली होती, आणि ती रावापासून रंकापर्यंत सर्वांना सारखीच लागू होती.

ह्याच सुमारास कायद्यानेंहि सामानाचे दोन भाग पाडले. १२ ऑक्टोबर १९२९ रोजीं वॉर्सा येथें अनेक राष्ट्रांनीं हवाई वाहतुकीविषयीं एक करार केला. त्यांत म्हटलें आहे कीं, कंपनीनें सामानाची पावती दिली पाहिजे; मात्र ज्या लहानसहान वस्तू उतारू स्वतःच्या ताब्यांत ठेवतो, त्यांना पावतीची गरज नाहीं. हा करार अंमलांत आणणारा कायदा हिंदुस्थानांत १९३४ सालीं झाला. पावतीचें सामान कंपनीच्या स्वाधीन, आणि हातांतलें सामान उतारूच्या स्वाधीन, हा भेद तेव्हांपासून पक्का झाला. पण “लहानसहान” म्हणजे केवढें, हें त्या करारानें सांगितलें नाहीं. पुढच्या सगळ्या तंट्याचें बीज ह्या एका शब्दांत आहे.

कित्येक वर्षें हा तंटा उद्भवला नाहीं, कारण जागाच नव्हती. जुन्या विमानांत डोक्यावर जी उघडी फळी असे, ती टोप्या, कोट आणि कांबळीं ठेवण्यापुरती. जड वस्तु तेथें ठेवली तर झोक्यासरशीं ती खालच्याच्या डोक्यावर यावयाची! १९७० सालीं बोइंग ७४७ हें अजस्र विमान सेवेंत आलें, त्यांत झांकणाचे बंद कप्पे होते. त्याच दशकांत दुसरी एक साधी दिसणारी क्रांति झाली. बर्नार्ड सॅडो ह्यांना चाकें लावलेल्या पेटीचें पेटंट १९७२ सालीं मिळालें. आणि १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ नांवाच्या एका वैमानिकानें दोन चाकांची, लांब दांड्याची, उभी ओढतां येणारी पेटी तयार केली. पेटीचें वजन जोंवर हाताला जाणवत होतें, तोंवर उतारू स्वतःच मर्यादा पाळीत असे. चाकें आलीं आणि हाताची ती तक्रार बंद पडली.

आतां स्वस्त भाड्याच्या कंपन्यांकडे वळूं. अमेरिकेंत देशांतर्गत विमानभाडीं १९७८ पर्यंत सरकारी मंडळाच्या हातीं होतीं. भाड्यांत चढाओढ नसल्यामुळें जेवण, सामान व आदरातिथ्य हें सर्व त्या एका रकमेंत येई. टेक्सस संस्थानाच्या हद्दींतच उडणारी साउथवेस्ट ही कंपनी त्या मंडळाच्या कक्षेबाहेर होती. १८ जून १९७१ रोजीं ती डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनियो ह्या शहरांमध्यें सुरू झाली. पुढच्याच वर्षीं पैशांची ओढ लागून तिला चार विमानांपैकीं एक विकावें लागलें. तरी चार विमानांच्या फेऱ्या तिनें तीन विमानांवर चालू ठेवल्या. त्यासाठीं उतरलेलें विमान दहा मिनिटांत रिकामें करून, पुन्हां भरून उडवावयाचें, असा बेत तिनें आंखला. विमान आकाशांत असतें तेव्हां मिळवितें, आणि जमिनीवर असतें तेव्हां खातें, हा धडा पुढें जगांतल्या सर्व स्वस्त कंपन्यांनीं गिरविला. १९७७ सालीं फ्रेडी लेकर ह्यांनीं लंडनहून न्यूयॉर्कचें तिकीट ५९ पौंडांस विकलें आणि जेवणाचे पैसे निराळे घेतले. १९७८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें भाड्यांवरील सरकारी नियंत्रण कायद्यानें उठविलें. हळूहळू जुनें एकत्र भाडें फुटूं लागलें, आणि त्याचे तुकडे निरनिराळ्या किंमतीस विकले जाऊं लागले.

सामानाची पाळी २००६ सालीं आली. फ्लायबी आणि रायनएअर ह्या कंपन्यांनीं विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटीसाठीं निराळे पैसे आकारण्यास आरंभ केला. २००८ सालीं, तेलाचे भाव भडकले असतां, अमेरिकन एअरलाइन्स ह्या जुन्या कंपनीनेंहि पहिल्या पेटीला १५ डॉलर लावले. युक्तिवाद असा कीं, जो रिकाम्या हातानें जातो त्यानें दुसऱ्याच्या पेट्यांचा खर्च कां सोसावा? युक्तिवाद वाजवी होता. पण उतारूहि हिशेबी असतो. त्यानें पोटांतली पेटी चाकांवर घालून डोक्यावरच्या कप्प्यांत आणली. कप्पे भरले, रांगा खोळंबल्या, आणि ज्या दहा मिनिटांच्या शास्त्रावर सगळी स्वस्ताई उभी होती, तेंच ढांसळूं लागलें. मग कंपन्यांनीं दुसरें पाऊल टाकलें. १ ऑगस्ट २०१० पासून अमेरिकेंतल्या स्पिरिट कंपनीनें कप्प्यांत ठेवावयाच्या पिशवीलाच ४५ डॉलरपर्यंत आकार लावला. नोव्हेंबर २०१८ पासून रायनएअरनें साध्या तिकिटावर फक्त पायाखालीं मावेल एवढी, ४० बाय २५ बाय २० सेंटिमीटरांची पिशवी फुकट ठेवली. गुणाकार केला तर ही जागा २० लिटरांची भरते, म्हणजे पाण्याच्या एका मोठ्या हंड्याएवढी! २०२५ सालीं तिनें हें माप वाढवून ४० बाय ३० बाय २०, म्हणजे २४ लिटर केलें.

भारतांत कॅप्टन गोपीनाथ ह्यांच्या एअर डेक्कननें २००३ सालीं स्वस्त विमानप्रवासाचें दार उघडलें. मागोमाग २००५ सालीं स्पाइसजेट व २००६ सालीं इंडिगो आली. आपल्याकडे सामान्य वर्गाच्या उतारूस सात किलोंची एक पिशवी, तिची लांबी, रुंदी व उंची मिळून ११५ सेंटिमीटर, हें माप रूढ आहे. देशांतर्गत प्रवासांत पोटांतलें १५ किलो सामानहि साधारणपणें भाड्यांत धरलेलें असतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें विमान वाहतूक महासंचालनालयानें, केवळ हातांतलें सामान घेऊन जाणाऱ्यास भाड्यांत सूट देण्याची कंपन्यांना मुभा दिली. सूट ही गोड वस्तु आहे. परंतु जें आज सूट म्हणून कमी होतें, तें उद्यां आकार म्हणून वाढूं शकतें, हें युरोपच्या उदाहरणावरून ध्यानांत ठेवावें.

आतां वजनाचा हिशेबहि प्रामाणिकपणें मांडूं. १८० उतारूंच्या एअरबस विमानाचें उड्डाणाच्या वेळचें कमाल वजन सुमारें ७८ टन असतें. प्रत्येकानें तीन किलो अधिक आणले तर ५४० किलो वाढतात, म्हणजे शेंकडा एकाहूनहि कमी. तेवढ्यानें विमान अडत नाहीं. तथापि तें ओझें दिवसांतून अनेक फेऱ्यांत वाहून न्यावयाचें म्हणजे इंधन जळतें. कप्प्यांनाहि ठराविक भार झेपतो, आणि वरून पडलेली जड पेटी कपाळमोक्ष करूं शकते. तेव्हां मर्यादा निराधार आहे असें नाहीं. पण पैसे भरतांच तीच पिशवी त्याच विमानांत चढते, तेव्हां तेथें सृष्टिनियम संपला आणि सौदा सुरू झाला, हें उघड आहे.

हा सौदा कोठवर न्याय्य, ह्याचा विचार न्यायालयानेंहि केला आहे. स्पेनमधील एका उतारूकडून व्हुएलिंग कंपनीनें दोन पेट्यांचे ४० युरो जादा घेतले. तो वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. १८ सप्टेंबर २०१४ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं, पोटांतल्या सामानाचे निराळे पैसे घेण्यास हरकत नाहीं; परंतु हातांतलें सामान हें उतारूच्या प्रवासाचें अविभाज्य अंग आहे, आणि तें वजनानें व मापानें वाजवी असून सुरक्षेच्या नियमांत बसत असेल, तर त्यावर जादा आकार घेतां येणार नाहीं. १९२९ सालच्या “लहानसहान” ह्या शब्दाच्या जागीं “वाजवी” हा शब्द आला. तंटा मात्र उरलाच. नोव्हेंबर २०२४ मध्यें स्पेनच्या सरकारनें अशा आकारांसह इतर कांहीं प्रथांबद्दल पांच कंपन्यांना एकूण १७९ दशलक्ष युरो दंड ठोठावला, आणि कंपन्यांनीं तो अमान्य केला. दुसरीकडे, पेट्या फुकट नेण्याचा बाणा पन्नास वर्षांहून अधिक काळ मिरविणाऱ्या साउथवेस्टनेंहि २८ मे २०२५ पासून बहुतेक उतारूंच्या पेट्यांना आकार लावला. दहा मिनिटांचा धडा घालून देणाऱ्या गुरूनेंच शेवटीं शिष्यांचा कित्ता गिरविला!

श्रोतेहो, ह्या सगळ्याचा भार कोणावर पडतो, तें पाहिल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. श्रीमंत उतारूला दोनचार हजारांची फिकीर नसते. रत्नागिरीहून आखाती देशांत नोकरीस गेलेला माणूस वर्षादोनवर्षांनीं घरीं येतो, तेव्हां त्याच्या पिशवींत मुलाचें खेळणें, बहिणीचें कापड आणि आईचें औषध असतें. दरवाजापाशीं पिशवी उघडून ह्यांतलें काय टाकावें हें त्याला ठरवावें लागतें, तेंहि मागें रांग खोळंबलेली असतांना. कोणी दोन सदरे एकावर एक चढवितो, लोक हंसतात. त्या हंसण्यांत आपण सामील होऊं नये. ज्या स्वस्त तिकिटानें त्याला आकाशाचें दार उघडून दिलें, तेंच तिकीट दाराशीं त्याची झडती घेतें, ही त्या स्वस्ताईची दुसरी बाजू आहे.

मर्यादा असावी, तिच्यावांचून विमान चालणार नाहीं. पण १९१४ सालच्या त्या पहिल्या कंपनीनें आपली अट व आपला दर जाहिरातींतच छापला होता, हें विसरूं नये. तिकीट काढतेवेळींच भाडें, माप आणि दंड हीं तिन्हीं एका ओळींत, सारख्याच ठळक अक्षरांत कळलीं पाहिजेत, एवढें मागणें उतारूनें मागितलें तर त्यांत कांहीं अधिक मागितलें असें होत नाहीं. आणि उतारूनेंहि निघण्यापूर्वीं पिशवी घरींच एकदां तोलून पाहावी. दुकानदारानें सांगितलेला भाव पडताळण्याचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्वतःजवळ तराजू असणें, हा व्यवहार आपल्या आजोबांना ठाऊक होता. तो विमानाच्या युगांतहि जुना झालेला नाहीं.