मगनवाडीचे कुमारप्पा

वर्ध्याच्या मगनवाडीची घाणी आणि हातकागद लोकांना आठवतात. तिथला ख्रिस्ती पुढारी आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

१९३० साली जे. सी. कुमारप्पांनी सत्याग्रहासाठी ख्रिस्ती धर्मसेवकांना साद घातली. कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट यांना कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वाटला. त्यांना कुमारप्पांनी उत्तर दिले तेही येशूच्याच आधाराने! धर्मगुरूंनी नाकारलेली साथ त्यांना वर्ध्यात मिळाली, आणि ती नुसत्या शब्दांची नव्हती. मगनवाडीची जागा जमनालाल बजाजांची. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार गांधीजींनी कुमारप्पांच्या हाती दिला. पुढे तुरुंगात त्यांनी येशूवर पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना लिहिली गांधीजींनीच.