नागरी स्थानबद्धता छावण्या, महाराष्ट्रातील

युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या बिगरसैनिक नागरिकांना खटल्याविना ठेवण्यासाठी उभारलेल्या छावण्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर), देवळाली, पुरंदर व सातारा ही महाराष्ट्रातील मुख्य ठिकाणे. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२–४५ मध्ये ठेवलेले काँग्रेस नेते हे ब्रिटिश सरकारचे राजकीय कैदी होते. त्यांचा समावेश येथे केलेला नाही.

पहिले महायुद्ध : ऑगस्ट १९१४ मध्ये परकीयांविषयी वटहुकूम निघाला आणि जर्मन व ऑस्ट्रियन व्यापारी, खलाशी, मिशनरी अहमदनगरला आणले गेले. काही कुटुंबे बेळगावला होती. बऱ्याच मिशनऱ्यांना व स्त्रिया-मुलांना १९१५–१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने मायदेशी पाठवले. १९०७ च्या हेग नियमांत युद्धकैद्यांची तरतूद होती, स्थानबद्ध नागरिकांची नव्हती. तरीही आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधी थॉर्मायर, शॉख व ब्लांशो यांनी १९१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भारत व ब्रह्मदेशातील छावण्या पाहून अहवाल प्रसिद्ध केला.

दुसरे महायुद्ध : सप्टेंबर १९३९ मध्ये अहमदनगरची छावणी पुन्हा सुरू झाली. पारपत्र जर्मन एवढ्या कारणावरून नाझी पक्षाचे सभासद आणि हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यू एकाच कुंपणाआड आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या चौकशी समितीने अनेकांची सुटका केली. १९४० च्या उन्हाळ्यात युरोपातील पराभवांनंतर धरपकड पुन्हा वाढली. गिर्यारोहक हाइनरिख हारर व बौद्ध साधक लामा गोविंद हे अहमदनगर व देवळालीमार्गे १९४१ मध्ये डेहराडूनला गेले. कायद्याची उणीव तीच होती : १९२९ चा जिनीव्हा करार फक्त युद्धकैद्यांपुरता होता आणि नागरिकांसाठीचा १९३४ चा टोकियो मसुदा मंजूर झालेला नव्हता. रेडक्रॉसच्या प्रस्तावानुसार युद्धकैद्यांचे नियम स्थानबद्धांनाही सादृश्याने लावण्यात आले.

पुरंदर व सातारा : येथे मुख्यत्वे कुटुंबे व पॅरोलवरील स्थानबद्ध राहत.

वळिवडे (कोल्हापूर) : ही स्थानबद्धता छावणी नव्हे. सोव्हिएत संघात हद्दपार केलेल्या व तेथून सुटलेल्या सुमारे ५,००० पोलिश नागरिकांना, मुख्यतः स्त्रिया व मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात येथे आश्रय मिळाला. खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारवर होता; जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढल्यावर तो आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेला. पुढे याच जागी सिंधी निर्वासितांची गांधीनगर वसाहत झाली.

१९४९ नंतर : चौथ्या जिनीव्हा कराराने (कलमे ७९–१३५) स्थानबद्धांना प्रथमच स्वतंत्र संरक्षण दिले. स्थानबद्धतेचा वर्षातून किमान दोनदा फेरविचार (कलम ४३), कुटुंबाचे एकत्र वास्तव्य (कलम ८२) व युद्धकैद्यांपासून वेगळी निवासव्यवस्था (कलम ८४) या त्यातील मुख्य तरतुदी. अहमदनगरच्या ज्यूंसारख्यांच्या दृष्टीने कलम ४४ सर्वांत महत्त्वाचे : ज्याला प्रत्यक्षात कोणत्याही सरकारचे संरक्षण नाही अशा निर्वासितास निव्वळ राष्ट्रीयत्वावरून शत्रू मानू नये. भारताने १९४९ चे जिनीव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले व त्यांसाठी १९६० मध्ये कायदा केला. तरीही १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या रहिवाशांना, त्यांत भारतीय नागरिकही होते, राजस्थानातील देवळी येथे ठेवण्यात आले. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर व १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलांवर भारताने सही केलेली नाही.