लाकडी लाँड्रीचा परवाना : सॅन फ्रान्सिस्को, १८८०–१८८६

१/
१८८५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात एका चिनी लाँड्रीवाल्यास अटक झाली. ज्या जागेत तो २२ वर्षे कपडे धूत आला होता, त्याच जागेत तो परवान्याविना कपडे धूत राहिला, एवढाच त्याचा गुन्हा. शिक्षा होती १० डॉलर दंड. न भरल्यास दर डॉलरमागे एक दिवस कैद. या १० डॉलरांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पुढे भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ च्या चर्चेतही येऊन पोहोचला. #थ्रेड

२/
सर्वप्रथम प्रश्न पडतो तो लाँड्रीचाच. चिनी स्थलांतरित याच धंद्यात इतके का होते? १८४९ च्या सुवर्णलाटेने कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा आणला. त्यांतील बहुसंख्य एकटे पुरुष होते. धुणे ही तेथे नित्याची गरज होती, आणि गोरे पुरुष ते काम कमीपणाचे मानत. या धंद्याला भांडवलही फारसे लागत नसे. टब, साबण, शेगडी, इस्त्री आणि दोन राबणारे हात एवढ्यावर दुकान सुरू होई. इंग्रजी जुजबी असली तरी भागे.

३/
त्यांना या धंद्याकडे ढकलण्यात कायद्याचाही वाटा होता. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर दरमहा २० डॉलरचा परवाना-कर बसवला. तो लवकरच रद्द झाला. परंतु १८५२ मध्ये दरमहा ३ डॉलरच्या रूपात परतला आणि त्याचा भार मुख्यतः चिनी कामगारांवर पडला. खाणीतून उठलेला माणूस शहरात आला आणि धुण्याच्या टबापाशी उभा राहिला. परवान्याने त्याचा तेथेही पाठलाग केला.

४/
१८७० च्या दशकात शहराने लाँड्र्यांवर शुल्क लावले. ते कशावर ठरत होते, हे पाहण्यासारखे आहे. कपडे पोचवण्यासाठी एका घोड्याची गाडी वापरणाऱ्या लाँड्रीस दर तिमाहीला अवघे काही डॉलर द्यावे लागत. घोडाच नसलेल्या लाँड्रीस १५ डॉलर. चिनी लाँड्रीवाले कपड्यांचे गाठोडे बांबूच्या कावडीने पायी पोचवीत. नियमात ‘चिनी’ हा शब्द कोठेही नव्हता. ज्याच्यापाशी घोडा नाही त्याने अधिक भरावे, एवढेच तो सांगत होता.

५/
हा काळ मंदीचा होता. बेकार गोऱ्या कामगारांचा रोष भांडवलदारांइतकाच चिनी मजुरांवरही होता. जुलै १८७७ च्या दंगलीत जमावाने चिनी लाँड्र्यांवर हल्ले चढवले. त्यानंतर डेनिस कीर्नी याच्या नेतृत्वाखालील कामगार पक्षाने ‘चिनी हटाव’ ही भूमिका राजकारणाच्या केंद्रस्थानी आणली. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा केला. जे आधीच आलेले होते त्यांचे काय करावे, हा प्रश्न मात्र शहरापुढे होताच.

६/
शहराचे एक उत्तर १८८० पासूनच तयार होते. त्या वर्षी शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने एक उपविधी संमत केला. विटांच्या वा दगडी इमारतीत असलेली लाँड्री वगळता इतर कोणतीही लाँड्री मंडळाच्या संमतीविना चालवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. उल्लंघन झाल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती.

७/
कारण सांगण्यात आले ते आगीच्या धोक्याचे, आणि ते पूर्णतः खोटे नव्हते. १८४९ ते १८५१ या काळात हे शहर वारंवार जळाले होते. लाँड्रीत दिवसभर विस्तव असे. तथापि, शहरातील सुमारे नऊ-दशांश घरे लाकडीच होती आणि प्रत्येक घरात चूल पेटत होती. धोका सर्वत्र असताना संमतीची अट मात्र एकाच धंद्याला लावली गेली.

८/
न्यायालयापुढे आलेले आकडे असे होते. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या. त्यांपैकी सुमारे २४० चिनी मालकांच्या. ३२० पैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींत. चिनी मालकांची गुंतवणूक किमान २ लाख डॉलर. भाडे, परवाने, कर, गॅस व पाणी यांपोटी ते वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार डॉलर खर्च करीत. म्हणजे हा धंदा शहराच्या तिजोरीत आणि घरमालकांच्या खिशात नियमित पैसा टाकत होता.

९/
आता पुन्हा त्या अटकेकडे. खटल्यात या गृहस्थाचे नाव यिक वो असे नोंदले गेले. तो १८६१ मध्ये कॅलिफोर्नियात आला. १८८४ मध्ये अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याच्या शेगड्या व इस्त्र्यांची व्यवस्था सुरक्षित असल्याचा दाखला दिला होता. आरोग्य अधिकाऱ्यानेही सांडपाण्याचा निचरा योग्य असल्याचे प्रमाणित केले होते. आगीची भीती हेच खरे कारण असते, तर प्रश्न येथेच मिटला असता. १ जून १८८५ रोजी त्याने मंडळाकडे संमतीसाठी अर्ज केला. १ जुलैला तो फेटाळण्यात आला. कारण दिलेच नाही.

१०/
असा तो एकटा नव्हता. सुमारे २०० चिनी लाँड्रीवाल्यांनी अर्ज केले, सर्व नामंजूर. चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांच्या अर्जांना मात्र, एक अपवाद वगळता, संमती मिळाली. इमारती त्याच लाकडाच्या, शेगड्या त्याच प्रकारच्या. अर्ज नामंजूर होऊनही धंदा चालू ठेवणाऱ्या १५० हून अधिक चिनी व्यक्तींना अटक झाली. त्याच परिस्थितीत धंदा करणाऱ्या इतरांना कोणी हात लावला नाही.

११/
या गरीब लाँड्रीवाल्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे कसे परवडले? उत्तर आहे त्यांची संघटना : तुंग हिंग तोंग हा लाँड्रीवाल्यांचा संघ. सभासदांच्या वर्गणीतून त्यांनी वकील दिले. हॉल मॅकॲलिस्टर हे शहरातील अग्रगण्य वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. चिनी स्थलांतरित निमूटपणे सोसत राहिले, या समजुतीला हा इतिहास छेद देतो. त्यांनी एकामागून एक खटले लढवले.

१२/
त्यांतील काही जिंकले. १८८२ मध्ये परवान्यासाठी त्याच वस्तीतील १२ करदात्या नागरिकांची शिफारस मागणारा नियम न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी अवैध ठरवला. शेजाऱ्याच्या प्रसन्नतेवर कोणाचा उदरनिर्वाह अवलंबून ठेवता येत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ.

परंतु १८८५ मध्ये दोन खटले हरले. रात्री १० ते सकाळी ६ लाँड्री बंद ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, आणि नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते याचा शोध घेण्यास नकार दिला. ते निकालही फील्ड यांनीच लिहिले होते.

१३/
अशा पार्श्वभूमीवर यिक वोचा खटला आला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेले. १० मे १८८६ रोजी न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी एकमताचा निकाल दिला : उपविधीने मंडळाला विवेकाधिकार दिला नसून निव्वळ मर्जी दिली आहे. संमती देताना वा नाकारताना कोणताही निकष पाळण्याचे बंधन नाही. शिवाय, कायदा वरकरणी निःपक्ष दिसला तरी त्याची अंमलबजावणी भेदभावाने होत असेल, तर ती समान संरक्षणाच्या हमीचा भंग ठरते. अटकेतील लाँड्रीवाल्यांच्या सुटकेचा आदेश झाला.

१४/
निकालाचा आणखी एक पैलू महत्त्वाचा. तत्कालीन कायद्यानुसार चिनी स्थलांतरितांना अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नव्हते. मतदार नसलेल्या या लोकांना नगराच्या राजकारणात कोणी वाली नव्हता. न्यायालयाने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘व्यक्ती’ या शब्दावर बोट ठेवले. संरक्षण केवळ नागरिकांना नाही, त्या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला आहे.

१५/
येथवर ही विजयाची कथा वाटते. परंतु न्यायालयाने काय ठरवले नाही, तेही पाहावे लागते. समजा, मंडळाने सर्वांवर सारखीच सक्ती केली असती : लाँड्री विटांच्याच इमारतीत हवी, अपवाद कोणालाच नाही. तर हा युक्तिवाद टिकला असता का? भेदभाव सिद्ध करणारे ते २०० विरुद्ध ८० हे गणितच उरले नसते. विटांची इमारत घेणे वा भाड्याने मिळवणे ज्याला परवडत नाही, तो मुकाट्याने धंद्याबाहेर गेला असता.

१६/
रात्रीच्या बंदीचे नेमके हेच झाले. नियम सर्वांना सारखा, म्हणून तो टिकला. ज्याच्याकडे मोठी जागा व अधिक कामगार, त्याला दिवसाचे तास पुरत. टब आणि दोन हातांवर चालणाऱ्याला रात्रही लागे. असमान वागणूक न्यायालयाला दिसली, कारण ती मोजता आली. समान नियमाचा असमान बोजा मात्र कायद्याच्या नजरेतून सुटला. परवान्यांच्या इतिहासातील अल्प उत्पन्नाच्या कामगाराची व्यथा बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडते.

१७/
निकालाचा तात्काळ प्रभावही मर्यादित राहिला. अवघ्या १० वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेसी खटल्यात त्याच न्यायालयाने कृष्णवर्णीयांना वेगळे बसवणारा रेल्वे-कायदा वैध ठरवला. चिनी प्रवेशबंदी तर १९४३ पर्यंत रद्द झाली नाही. यिक वोचे तत्त्व कायद्याच्या ग्रंथांत होते; त्याचा मुक्तहस्ते वापर व्हायला बराच काळ जावा लागला.

१८/
भारताशी दुवा येथे जुळतो. १९५२ च्या पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने यिक वो निकालाची चर्चा केली. कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवायचे, याचा अनिर्बंध अधिकार बंगालच्या कायद्याने सरकारला दिला होता. निकषाविना दिलेला तो अधिकार अनुच्छेद १४ च्या विरोधात ठरला. धुण्याच्या टबापाशी सुरू झालेला मुद्दा असा भारतीय समतेच्या विचारातही उतरला.

१९/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी या प्रकरणात एक पद्धतही दडलेली आहे. १८८० चा उपविधी केवळ वाचला, तर तो अग्निसुरक्षेचा नियम वाटतो. त्याचे खरे रूप अर्जांच्या नोंदीत दिसते : कोणी अर्ज केला, कोणाला मंजुरी मिळाली, कोण तुरुंगात गेला. आणि जे अर्ज करण्यापूर्वीच धंदा सोडून गेले, त्यांची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. परवान्याचा पूर्ण हिशेब मांडताना त्यांनाही धरावे लागते. (समाप्त)