पॉड ई-सिगारेट
निकोटिनयुक्त द्रव तापवून वाफ ओढण्याचे, बॅटरीवर चालणारे लहान उपकरण. बहुतेक पॉडांतील कॉइल जळली की फेकून द्यावी लागते. कॉइल पुन्हा बांधता येणाऱ्या प्रकारात मात्र कांथल किंवा निक्रोम या मिश्रधातूची तार हाताने गुंडाळून तीत कापसाची वात भरतात. तारेचा रोध फार कमी ठेवला, तर प्रवाह बेसुमार वाढून बॅटरी पेट घेऊ शकते. हौशी कारागिरीतला हा धोका गंभीर आहे.   भारतात तंबाखूची विक्री आजही कायदेशीर आहे. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात मात्र २०१९ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.