दप्तराबाहेरचीं नांवें

गेल्या पावसाळ्यांत राहुरीच्या बसस्थानकावर एका वृद्ध गृहस्थांनीं मला नांवानें हांक मारिली. त्यांनीं आईची प्रकृति विचारली. घराची पश्चिमेकडील भिंत अजून ओल धरते काय, याचीहि चौकशी केली. तेव्हां कोठें मला ओळख पटली. पंचवीस वर्षांपूर्वीं आमचें घर बांधणारे गवंडी ते हेच. सहा महिने ते आमच्या अंगणांत वावरत होते. त्यांचा ओळंबा, त्यांची थापी, वीट हातांत घेऊन ती वाजवून पाहण्याची त्यांची संवय, हें सारें क्षणांत आठवलें. नांव मात्र कांहीं केल्या आठवेना. आठवणार तरी कसें? तें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. घरांत सारीं त्यांस 'गवंडी' एवढेंच म्हणत.

असा प्रसंग आल्यावर आपण स्मरणशक्तीस दोष देऊन मोकळे होतों. त्या दोषांत कांहीं तथ्य आहे, हें खरें. १९८७ सालीं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनीं एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं लोकांस अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचें आडनांव व धंदा सांगण्यांत आला. एकच शब्द कधीं आडनांव म्हणून सांगितला, तर कधीं धंदा म्हणून. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला असतां अधिक लक्षांत राहिला. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. 'हा कुंभार आहे' असें म्हटलें कीं चाक, चिखल आणि धुमसता आवा डोळ्यांपुढें उभा राहतो. 'याचें आडनांव कुंभार' असें म्हटल्यानें डोळ्यांपुढें कांहींच येत नाहीं. नुसत्या नांवाला मनांत टांगून ठेवावयास खुंटी नसते.

परंतु नांवें विसरण्याचा सारा भार मनाच्या या धर्मावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. कोणाचें नांव टिपावें आणि कोणाचें सोडावें, हें आपल्या जुन्या गांवगाड्यांत व्यवहार ठरवीत असे. दख्खनच्या गांवांत मिरासी जमिनीचे भाग 'थळ' म्हणून ओळखले जात, आणि थळास मूळ कुळाचें नांव असे. तें कुळ निपुत्रिक होऊन बुडालें, तरी गतकुळी जमीन जुन्याच नांवानें दप्तरांत राही. जमिनीवर सारा होता, म्हणून मेलेल्या कुळाचेंहि नांव जिवंत राहिलें. बलुतेदारांची गोष्ट निराळी होती. सुगीच्या वेळीं खळ्यावर त्यांचा वांटा निघे तो धंद्याच्या नांवानें. हा सुताराचा, हा न्हाव्याचा, हा महाराचा. गोतसभेच्या महजरांवर साक्षीदार म्हणून त्यांचीं नांवें येत, आणि सहीच्या ठिकाणीं धंद्याच्या हत्याराची निशाणी असे. सारांश, सारा घेतांना किंवा साक्ष घेतांना नांव लागे. एरव्हीं धंद्यानें काम भागे.

हें दप्तर लिहिणाऱ्या वर्गांतच महिपतिबोवा ताहराबादकर जन्मले. ज्या जिल्ह्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या राहुरी तालुक्यांतील ताहराबादचें कुळकर्ण त्यांच्या घराण्याकडे होतें. जन्म १७१५ चा. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ते पूजेस बसले असतां जहागीरदाराच्या कचेरींतून तांतडीचें बोलावणें आलें. पूजा अर्धी टाकून त्यांस जावें लागलें. काम उरकून परत आल्यावर त्यांनीं लेखणी विठ्ठलापुढें ठेविली, आणि यापुढें संतचरित्रांवांचून दुसऱ्या कशासाठीं ती उचलावयाची नाहीं, अशी शपथ घेतली. आख्यायिकेंतील तपशील कांहींहि असो, पुढें घडलें तें ग्रंथरूपानें आपल्यापुढें आहे. १७६२ सालीं 'भक्तविजय' पुरा झाला, १७७४ सालीं 'भक्तलीलामृत'. १७९० सालीं देह ठेवीपर्यंत त्यांचें हेंच काम चाललें होतें.

या लेखणीनें कोणाचीं नांवें लिहिलीं, तें पाहण्यासारखें आहे. गोरा कुंभार, नरहरि सोनार, सेना न्हावी, चोखामेळा, नामदेवांच्या घरची दासी जनी. यांपैकीं एकाकडूनहि सारा यावयाचा नव्हता. शिवाय महिपतींनीं नांवापासून धंदा तोडला नाहीं. गोरोबांची कथा चिखल तुडवितांना घडते, सेनांची आरसा दाखवितांना, जनाबाईची जात्यापाशीं. जें जातें तिला दासी ठरवी, त्याच्याच खुंट्यास देवाचा हात लागतो, आणि ती दासी न राहतां जनी होते. मानसशास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं जें प्रयोगानें दाखविलें, त्याचा उपयोग कीर्तनकारांस पूर्वींपासून ठाऊक होता. नुसतें नांव निसटतें, आणि नुसता धंदा माणसाला झांकून टाकतो. नांव, काम आणि त्या कामांत घडलेली एखादी गोष्ट हीं तिन्हीं एकत्र आलीं, म्हणजे अक्षरशत्रु श्रोताहि तें नांव जन्मभर विसरत नाहीं.

तथापि या स्मरणासहि मर्यादा होती. ज्यांच्या अभंगांच्या शेवटीं नांवाची मुद्रा होती, किंवा ज्यांची कथा कोणी आधींच सांगून ठेविली होती, तेच बहुधा महिपतींच्या हातीं लागले. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचें ऋण त्यांनीं स्वतःच मान्य केलें आहे. ज्यांची कथा कोणींच सांगितली नव्हती, त्यांचें काय झालें असेल? चोखोबांच्या अंताची कथा सर्वश्रुत आहे. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली व मजूर तिच्याखालीं गाडले गेले. परंपरा सांगते कीं, नामदेव तेथें गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनीं ओळखल्या व पंढरीस आणिल्या. महाद्वारापुढील त्यांच्या समाधीस वारकरी आजहि हात लावितात. पण त्या ढिगाऱ्यांत आणखीहि माणसें होतीं. त्यांसहि आयांनीं ठेविलेलीं नांवें असतील. त्यांस ओळखणारा नामदेव मात्र आला नाहीं.

बसस्थानकावर मीं त्या वृद्धांस संकोचानें नांव विचारलें. ते हंसले. "आतां कशाला नांव, दादा? गवंडीच म्हना की," असें म्हणाले, आणि मग नांव, बापाचें नांव, गांव, सारें सांगितलें. घरीं येऊन मीं घरबांधणीच्या खर्चाची जुनी वही काढली. विटा किती, सिमेंटाच्या गोण्या किती, वाळूच्या खेपा किती, सारें तारीखवार लिहिलेलें होतें. दुकानदारांचीं नांवेंहि होतीं. दर शनिवारीं मात्र एकच नोंद होती: 'गवंडी, मजुरी.' सहा महिन्यांच्या त्या साऱ्या ओळींपुढें मीं त्यांचें नांव लिहून काढलें.