ग्रीक व्याकरण आणि माणूसपण

लॅटिन म्हटले की आमच्या समाजातील जुन्या पिढीला मिस्सा आठवते. परंतु पाश्चात्त्य विद्यापीठांत लॅटिन व ग्रीक या भाषा शतकानुशतके सुशिक्षितपणाची कसोटी मानल्या जात. होमर, सिसेरो, व्हर्जिल मूळ भाषेत वाचणारा तरुण धर्मोपदेशक, वकील वा शासनकर्ता होण्यास पात्र समजला जाई. या अभिजात विद्येच्या पदवीचा इतिहास चाळताना आम्हांला एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ती शिकण्याचा अधिकार कोणाला?

अमेरिकेत या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. ग्रीक वाक्यरचना जाणणारा एखादा कृष्णवर्णीय सापडला, तरच त्या वंशाला माणूस मानीन, अशा आशयाचे उद्गार गुलामगिरीचा समर्थक जॉन कॅल्हून याने काढल्याचे अलेक्झांडर क्रमेल या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने सांगून ठेवले आहे. क्रमेलने स्वतः केंब्रिजला जाऊन १८५३ साली पदवी संपादन केली.

त्याहून बोलके उत्तर विल्यम स्कारबरो यांचे. १८५२ साली जॉर्जियात त्यांचा जन्म झाला तो गुलाम म्हणून. गुलामांना लिहावाचावयास शिकविणे तेथे कायद्याने गुन्हा होता. तरी ते चोरून शिकले. १८७५ साली ओबर्लिन महाविद्यालयाचे पदवीधर झाले आणि १८८१ साली त्यांनी ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठाचे ते अध्यक्ष झाले.

त्याच १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली टस्कीगीची शाळा सुरू झाली. मुक्त झालेल्या समाजाने आधी हाताचे कसब शिकावे, असा तिचा आग्रह होता. भाकरीची चिंता खोटी नव्हती. परंतु कसब एका समाजासाठी आणि विद्या दुसऱ्यासाठी अशी वाटणी झाली, तर गुलामगिरी वेगळ्या नावाने उरते. विल्बरफोर्समध्ये काही काळ ग्रीक व लॅटिन शिकविणारे डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी हेच पुढे ठासून मांडले.

ही वाटणी आपल्याला परकी नाही. अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने बाबासाहेब आंबेडकरांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने केला.

२०२१ साली याच इतिहासाला दोन वळणे मिळाली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने आपला अभिजात विद्येचा विभाग बरखास्त करण्याचे ठरविले. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकन विद्यापीठांतील असा तो एकमेव विभाग. नोबेलविजेत्या टोनी मॉरिसन यांनी साहित्याबरोबर ही विद्या शिकली ती याच हॉवर्डमध्ये. त्याच वर्षी प्रिन्स्टनने या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक वा लॅटिन येण्याची अट काढून टाकली. ज्यांच्या शाळेत या भाषा नव्हत्या, त्यांनाही दार खुले व्हावे, हा त्यामागचा एक हेतू.

हेतू स्तुत्य आहे. तथापि, आम्हांस वाटते, दार खुले करण्याचा खरा मार्ग वेगळा आहे. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातच मुळाक्षरांपासून ग्रीक शिकवावी आणि त्यासाठी वेळ व शिक्षक द्यावेत. भाषा वगळली तर सुखवस्तू घरातला मुलगा ती अन्यत्र शिकेलच. वंचित राहील तो दुसराच. स्कारबरो यांनी परीक्षा सोपी करून मागितली नव्हती. त्यांनी पुस्तक मागितले, आणि पुढे इतरांसाठी ते लिहिले.