तळटीप ७ : ग्रिम्सपाउंड

७. ग्रिम्सपाउंड : इंग्लंडमधील डेव्हन काउंटीत डार्टमूरच्या उजाड माळावरची कांस्ययुगीन वस्ती, ग्रॅनाइटच्या गडग्याआड २४ गोल घरांचे पाये. मजकुरातले ‘ड्रुइडांचे ठाण’ (ड्रुइड : प्राचीन केल्ट पुरोहित) ही जुनी समजूत. १८९४ च्या उत्खननात चुली आणि कोळसा निघाला, म्हणजे इथे माणसे राहत होती. गडगा शत्रूला अडवण्यासाठी असेल, असे कोणी म्हणेल. पण हूकनी टॉर आणि हॅमलडाउन या दोन टेकड्यांवरून आतले सगळे दिसते, मग संरक्षण कसले? आतून ओहोळ वाहतो, म्हणजे गुरांसाठी हेच अधिक पटते. (‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडाच! अर्थात हे नाव पुष्कळ नंतरचे.) ‘सायंकाळी वर्तुळे उगवतात’ हे मात्र शब्दशः घ्यावे : भर दुपारी हेदरच्या झुडपांत हरवणारे गुडघाभर दगड कलत्या उन्हात लांब सावल्या टाकतात.